कुणीही पाय धुऊन येऊ नये

सून: दारातच काढा ना ते बूट, बाबा. फरशी आत्ता पुसलीय.

सासरे: बूट स्वच्छ आहेत माझे. चर्चमधून सरळ घरी आलोय, वाटेत कुठं चिखल नाही.

सून: चिखल नसेल, रस्ता तर आहे?

सासरे: मग मी इथंच बसतो, उंबऱ्यावर. हवा बरी आहे इथं.

सून: उंबऱ्यावर बसून चहा पिणार? काल जेवायला बसलात तेही बूट घालून. लोक बाहेर जाताना बूट घालतात, तुम्ही घरात यायला घालता.

सासरे: तूच आणलेस ना? मग घालू नको?

सून: घाला की. मी काय नको म्हणते? पण झोपताना पायात मोजे कशाला?

सासरे: थंडी वाजते.

सून: डोक्यावर पंखा फिरत असताना?

सासरे: तुला नाही कळायचं ते. वय झालं की वरून उकडतं आणि खालून थंडी वाजते.

सून: आणि मोजे? मी लॉन्ड्रीत दिवसभर साऱ्या गावाचे कपडे धुते, आणि सासऱ्याचे मोजे तेवढे माझ्या हाती लागत नाहीत. सकाळी उठून बघावं तर दोरीवर वाळत घातलेले.

सासरे: स्वतःचं स्वतः धुवावं माणसानं. दुसऱ्यावर भार होऊ नये, असं शास्त्रच सांगतं.

सून: शास्त्र असंही सांगतं की एकमेकांची ओझी वाहा.

सासरे: दोन मोज्यांचं काय ओझं, सूनबाई?

सून: बरं, राहिलं. हा घ्या चहा, बिनसाखरेचा. तोंड वाकडं करू नका. आणि गुरुवारचं काय ते सांगा. बाजारात शिंपीणकाकू भेटल्या, नुसत्या धुमसत होत्या.

सासरे: धुमसणारच. चर्चच्या पाळकांनी काल उपासनेच्या शेवटी उभं राहून सगळ्या मंडळीला सांगितलं, गुरुवारी पाय धुण्याच्या विधीला कुणीही पाय धुऊन येऊ नये.

सून: म्हणजे तसेच, रस्त्यावरचे?

सासरे: तसेच. दिवसभर जे काम केलं असेल त्या कामाचे. गवंड्यानं गवंड्याचे आणायचे, भाजीवालीनं भाजीवालीचे. शिंपीणबाई तिथल्या तिथं उठून म्हणाल्या, मी आजवर न धुतलेला पाय चर्चच्या पायरीवर ठेवला नाही, आता ठेवायला लावता काय?

सून: कॅशियरबाईंनी तर मागच्या वर्षी पार्लरमध्ये जाऊन पाय करून घेतले होते. नखं रंगवलेली.

सासरे: बघितली ना मी. मीच तर पाणी ओततो. पाळक खाली गुडघ्यावर बसतो, प्रभूच्या बारा शिष्यांच्या जागी बारा माणसं खुर्च्यांवर. मी बाजूला उभा राहून मगानं पाणी सोडायचं, मग टॉवेल द्यायचा, मग पुढच्या खुर्चीकडं. शेवटी ते पाणी नेऊन मागच्या झाडाला घालायचं. आजवर इतके पाळक आले नि बदलून गेले, पण ते पाणी गढूळ झालेलं काही मी पाहिलं नाही. वर साबणाचा वास. त्या झाडाची फुलंसुद्धा साबणासारखी वास मारतात.

सून: आता पाळकांनाही तेच दिसलं असेल.

सासरे: दिसलं ना. काल म्हणाले, मी धुतलेलेच पाय धुतोय, तुम्हीही नाटक करताय आणि मीही. तरुण आहेत अजून. पण बोलले ते खोटं नाही.

सून: मग तुम्ही का असं तोंड करून बसलाय? तुम्हाला तर आवडायला पाहिजे.

सासरे: मला काय? मला पाणी ओतायचंय. स्वच्छ पायावर ओतलं काय आणि मळक्या पायावर ओतलं काय.

सून: काकू म्हणाल्या, त्या बारा जणांत तुमचंही नाव आहे.

सासरे: शिंपीणबाईंच्या तोंडाला कधीतरी टाके घाला म्हणावं.

सून: आहे ना तुमचं नाव?

सासरे: होतं. मी नाही म्हणून सांगितलं. दुसरा कुणी बसेल. तो बेकरीवाला कधीचा टपून आहे.

सून: का नाही म्हणालात?

सासरे: अगं, पाणी कोण ओतणार? मी खुर्चीवर बसलो तर... कोण आलं बघ. फाटक वाजलं.

सून: पाळकसाहेबच आहेत. या, आत या. नाही, नाही, बूट राहू द्या. हल्ली आमच्याकडे तीच पद्धत पडलीय.

पाळक: मी जास्त वेळ घेणार नाही, ताई. मिस्त्री, तुम्ही उंबऱ्यावर?

सासरे: हवा खातोय.

पाळक: बरं. मी तुमच्याशीच बोलायला आलो. सकाळी तुम्ही नाही म्हणालात आणि लगेच घंटा वाजवायला निघून गेलात. मला नीट कारण कळलं नाही.

सासरे: कारण सांगितलं की. पाणी ओतायला माणूस लागतं.

पाळक: पाणी ताई ओततील. ओताल ना?

सून: ओतीन की. ओतायला काय लागतं?

सासरे: तिला नाही जमायचं. कोमट पाणी लागतं, एकदम सोडायचं नाही, धार बारीक ठेवायची. टॉवेल खांद्यावर कसा घ्यायचा तेही असतं.

सून: मी टॉवेलांतच दिवस काढते, बाबा.

पाळक: मिस्त्री, खरं सांगू का? बारा जणांची नावं मी काढली, तेव्हा तुमचं पहिलं होतं. तुम्ही इतकी वर्षं ते भांडं उचलता. तुमच्या पायावर कुणी कधी पाणी घातलं नाही. मला ते बरं वाटलं नाही.

सासरे: चर्चची फरशी मी बसवली, पाळकसाहेब. तेव्हा पायावर घालायला पाणी पुष्कळ होतं. सिमेंटचं.

पाळक: तुम्ही हसण्यावारी नेताय.

सासरे: मग काय करू? माझे पाय म्हणजे जुन्या फरशीचे तुकडे. सगळ्या मंडळीसमोर कशाला मांडायचे?

पाळक: पेत्रानंही असंच केलं होतं. प्रभू पाणी घेऊन त्याच्यापुढं आला तर म्हणाला, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत.

सासरे: पेत्राचं वेगळं. तो कोळी. दिवसभर पाण्यात पाय. त्याचे धुवायला किती वेळ लागणार?

सून: बाबा!

सासरे: चुकलं. पण मी नाही बसणार. मला दुसरं कुठलंही काम सांगा, खुर्च्या मांडतो, खिडक्या पुसतो.

पाळक: ठीक आहे. जबरदस्ती करून करायचा विधी नाही तो. मी निघतो. पण एक विचारायचं होतं. राग नाही ना यायचा?

सासरे: विचारा. राग आला तर आला.

पाळक: मी इथं नवीन आलो तेव्हा तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, वेदीपुढच्या फरशीवर बूट घालून जायचं नाही. मोशेला जळत्या झुडपापुढं जोडे काढायला लागले, तर तुम्ही कोण लागून गेलात. असंच म्हणाला होतात.

सासरे: म्हणालो असेन.

पाळक: मी त्या दिवसापासून काढतो. मुलंही काढतात, तुम्ही डोळे वटारता म्हणून. पण हल्ली तुम्हीच बूट घालून वेदीवर मेणबत्त्या लावायला जाता. मला वाटलं, एखाद्या रविवारी विसरला असाल. पण आता रोजच.

सासरे: विसरतो. वय झालं.

पाळक: तेवढंच विचारायचं होतं. येतो, ताई. गुरुवारचं मी बेकरीवाल्यांना सांगत नाही अजून. खुर्ची मोकळी ठेवतो.

सून: या. सांभाळून, पायरी ओली आहे.

सासरे: बघ, पुन्हा पुसायला लागेल तुला. चारदा सांगितलं, दुपारी पुसत जाऊ नकोस, लोक येतात.

सून: बूट काढा.

सासरे: काढतो ना. चहा संपू दे.

सून: चहा केव्हाच संपलाय. बूट काढा, बाबा.

सासरे: हे काय लावलंयस?

सून: त्या वेदीपुढच्या तुकड्यावर तुम्ही तुमच्या मुलाला लग्नात बूट घालून उभं राहू दिलं नाहीत. नवरदेव मोज्यांवर उभा होता, आणि एका मोज्याला भोक. फोटो आहे आपल्याकडे. आणि आता तुम्ही विसरता?

सासरे: तो फोटो फाडायला सांगितला होता मी.

सून: पायाला काय झालंय?

सासरे: काही नाही.

सून: मोजे चोरून धुता, झोपतानाही पाय उघडे ठेवत नाही, पाळकांना खुर्चीवर बसायला नकार देता. आणि सकाळी गेटपर्यंत जाताना डावा पाय बाहेर टाकून चालत होतात. मला वाटलं गुडघा.

सासरे: गुडघाच आहे.

सून: मग गुडघ्याला बूट कशाला?

सासरे: हे बघ, शास्त्रातच सांगितलंय, उजव्या हातानं काय केलं ते डाव्या हाताला कळू देऊ नये.

सून: ते दान देताना. दुखणं लपवताना नाही.

सासरे: दुखत नाही, हेच तर सांगतोय! दुखत असतं तर नसतं का सांगितलं?

सून: दुखतच नाही?

सासरे: अजिबात नाही.

सून: शुगर असलेल्या माणसाच्या पायाला काहीतरी झालंय आणि दुखत नाही. बाबा, याची भीती जास्त वाटते हो मला. थांबा, मी टब घेऊन येते.

सासरे: टब कशाला?

सून: पाय धुवायला.

सासरे: नाही. ते नाही जमायचं. तू माझे पाय धुवायचे नाहीस. कधीच नाही.

सून: हे वाक्य कुणाचं आहे माहीत आहे ना? आत्ताच सांगून गेले पाळक.

सासरे: माहीत आहे.

सून: मग पुढं काय झालं तेही माहीत असेल.

सासरे: ते प्रभूनं धुतले. सुनेनं नाही.

सून: धुतल्यावर प्रभू काय म्हणाला? मी तुमचे धुतले, तसे तुम्ही एकमेकांचे धुवा. त्यात सुना वगळून असं कुठं म्हटलंय? दाखवा मला.

सासरे: तुझी सासू असती तर तिनं...

सून: आई असत्या तर तुमचे मोजे त्यांनी पहिल्याच दिवशी ओढून काढले असते. वर पाठीत एक धपाटाही दिला असता. मी सून आहे म्हणून इतका वेळ तोंडानं सांगतेय. इकडं या. या खुर्चीवर बसा.

सासरे: ही स्वयंपाकघरातली खुर्ची.

सून: चर्चमधली आणू का? बसा. गरम पाण्यात गार मिसळलंय. हात घालून बघितलं मी, कोमट आहे.

सासरे: हातानं नाही बघायचं. कोपरानं बघायचं. हाताला नेहमी कमी लागतं.

सून: बरं, हे कोपरानं बघितलं. झालं? उजवा आधी.

सासरे: उजव्याला काही झालेलं नाही.

सून: मग तो काढायला काय हरकत आहे? सोडा लेस. एवढ्या घट्ट कशाला बांधता? हं. हा चांगला आहे. भेगा आहेत, बाकी ठीक. आता डावा.

सासरे: पोरी, ऐक. आधी एक सांगतो. आमच्याबरोबर एक रंगारी होता, कामावर. धडधाकट माणूस. अंगठा दाखवायला म्हणून हॉस्पिटलात गेला आणि गुडघ्यापर्यंत देऊन आला. तुझा पाय तुला अडखळवत असेल तर कापून टाक, असं वचन आहे ना? त्या डॉक्टरांनी सगळ्या शास्त्रातलं तेवढंच पाठ केलंय.

सून: तो अंगठा दाखवायला किती उशिरा गेला, ते सांगितलं का त्यानं?

सासरे: ते कोण विचारतं?

सून: मी विचारते. सोडा लेस. का मी सोडू?

सासरे: हळू. मोजा चिकटलाय.

सून: बघतेय. ओढत नाही. वरून पाणी सोडते, भिजला की आपोआप सुटेल. तुम्ही मुलाला शेवटचं कधी सांगितलं होतं पायाबद्दल?

सासरे: त्याला कशाला? तो गाडी चालवतोय, तिकडं दूर. डोक्यात माझा पाय ठेवून चालवणार का? ... हसलीस का?

सून: डोक्यात पाय म्हणालात म्हणून. हलू नका. सुटतोय.

सासरे: काय दिसतंय?

सून: थांबा.

सासरे: अगं, मला वाकून दिसत नाही. मी आरशात बघायचो, आरसा खाली ठेवून. पण त्यात सगळं उलटंपालटं दिसतं. काय दिसतंय?

सून: करंगळीच्या बाजूला आहे. कातडी गेलीय. कडेला काळं पडलंय. आणि वास येतोय, बाबा.

सासरे: वास येतो?

सून: तुम्हाला येत नाही?

सासरे: मला वाटलं मोज्याचा.

सून: हे कशानं झालं? फरशीचा तुकडा लागला? खिळा?

सासरे: असंच झालं.

सून: असंच होत नाही. एकाच रेषेत आहे सगळं, करंगळीपासून खालपर्यंत. घासल्यासारखं. हा बूट इकडं द्या बरं.

सासरे: राहू दे तो. पाण्यात पडेल.

सून: इथंच आहे. आतून शिवण आहे ना, तिथंच. बाबा, हे बूट तुम्हाला लहान होतात.

सासरे: थोडे.

सून: थोडे? हे बघा, इथं आत डाग पडलाय. कधीपासून चावतायत?

सासरे: पहिल्या दिवसापासून.

सून: मी दर रविवारी विचारायचे. चर्चला निघताना, याच दारात. बूट कसे आहेत, बाबा? आणि तुम्ही काय म्हणायचात?

सासरे: पायात आहेत हे कळतसुद्धा नाही, म्हणायचो. खोटं नव्हतं ते. खरंच कळत नव्हतं. सुरुवातीचे काही दिवस सोडले तर.

सून: तेव्हाच का नाही बोललात? दुकान काय पळून जात होतं? बदलून आणले असते.

सासरे: तुझा पहिला पगार होता. तू स्वतःला काही घेतलं नव्हतंस. घरी आलीस, खोका उघडलास, माझ्या जुन्या चपला उचलून कचऱ्यात टाकल्यास आणि म्हणालीस, आता मिस्त्री नाही दिसायचं, साहेब दिसायचं. तेव्हा कसं सांगू, पाय आत जात नाही म्हणून?

सून: टॉवेल कुठं गेला? इथंच तर ठेवला होता.

सासरे: तोंड का फिरवलंस? म्हणूनच सांगत नव्हतो. रडू नकोस.

सून: रडत नाहीये. मोजा पिळतेय.

सासरे: मग त्याच आठवड्यात आपलं ते वचन आलं. जेवण झाल्यावर आपण रोज एक वाचतो, आणि आज ते कुठं उपयोगी पडलं ते प्रत्येकानं सांगायचं. त्या दिवशी तू वाचलंस, प्रीती सगळं सोसते. तू म्हणालीस, गिऱ्हाईक ओरडलं ते मी सोसलं. मी काहीच बोललो नाही. मनात म्हटलं, माझंही आहे एक. माझ्या पायात आहे.

सून: बाबा, ते बुटाबद्दल लिहिलेलं नाही.

सासरे: ते रोजच्या जगण्यात लावायचं असतं ना? मी लावलं.

सून: तुम्ही अर्धंच लावलंत. तीच ओळ ऐकलीत, तिच्या आधीची सोडलीत. प्रीती सत्यानं आनंद मानते, हे आधी आहे. सोसणं नंतर आहे. वचन काढून बघा हवं तर.

सासरे: आहे खरं. क्रम तोच आहे.

सून: तुम्ही सोसलंत. ठीक. पण मला काय मिळालं त्यातून? मला मिळालं खोटं. मी दर रविवारी तुमच्या मागून चालत यायचे आणि बूट बघून खूश व्हायचे. आणि आत हे चाललं होतं. आता मला तेच आठवणार. मी खूश होत होते तेच.

सासरे: असं नको म्हणूस.

सून: मग कसं म्हणू?

सासरे: मला वाटलं, तुला वाईट वाटू नये म्हणून मी करतोय. आता बघतो तर तुला दुप्पट वाईट वाटलं. फरशीचंही असंच असतं. पहिला तुकडा किंचित तिरका बसला तर तेव्हाच उचलावा. पुढं सगळी खोली तिरकी जाते, मग उचलायला गेलं की सगळंच उखडतं.

सून: चला.

सासरे: कुठं?

सून: हॉस्पिटलात. आत्ता. मी वरून कोरडं फडकं गुंडाळते, तोवर तुम्ही तुमच्या मुलाला फोन लावा. तुम्हीच सांगायचं त्याला. मी नाही सांगणार.

सासरे: उद्या सकाळी गेलो तर? आज संध्याकाळची घंटा आहे.

सून: घंटा पाळक वाजवतील.

सासरे: त्यांना नाही येत. ते एकदम ओढतात.

सून: ओढू देत. एक दिवस गावाला कळेल, मिस्त्रीची घंटा कशी असते. बाबा, माझ्याकडं बघा. मला भीती वाटते. तुम्हाला रंगाऱ्याची वाटते, मला याची वाटते. आपण दोघंही भीत भीतच जाऊ. पण जाऊ.

सासरे: आणि कापला तर?

सून: तर कापला. मग आपण बघू. पण तुम्ही लपवलात म्हणून कापला असं नको व्हायला.

सासरे: ... माझ्या त्या जुन्या चपला खरंच फेकल्यास का गं?

सून: फेकल्या. तुमच्या मुलाच्या आहेत दाराशी, मोठ्या. त्या घाला. खांद्यावर हात ठेवा माझ्या. लाजू नका, टेका. जोर द्या.

सासरे: पाणी आधी ओतून टाक. असंच ठेवू नये घरात.

सून: आल्यावर ओतते.

सासरे: झाडाला नको घालूस ते. आज खरंच मळलंय.

(हॉस्पिटलच्या ड्रेसिंग खोलीबाहेरचा बाक. संध्याकाळ. म्हाताऱ्याचा डावा पाय पांढऱ्या पट्टीत, समोरच्या स्टुलावर.)

सून: डॉक्टर काय म्हणाले, तुम्ही ऐकलंत ना सगळं? की डोळे मिटून बसला होतात?

सासरे: डोळे मिटले होते, कान नाही. पाय राहील म्हणाले.

सून: पाय राहील. करंगळीचं आत्ता सांगता येत नाही म्हणाले. रोज पट्टी बदलायची, इंजेक्शनं घ्यायची, पाय खाली ठेवायचा नाही. आणि आणखी थोडे दिवस गेले असते तर हाडापर्यंत गेलं असतं, असंही म्हणाले.

सासरे: ते मी डोळे मिटून ऐकलं.

सून: तुमच्या मुलाचा फोन आला होता परत. त्यानं गाडी बाजूला लावलीय. म्हणाला, बाबांना सांग, मी त्यांच्यावर चिडलोय, आणि उद्या निघतोय.

सासरे: चिडू दे. चिडलेला आला तरी चालेल.

सून: बाबा, तुम्हाला बूट कितव्या नंबरचा लागतो?

सासरे: नऊ.

सून: मी आठचा आणला.

सासरे: हो.

सून: विचारायला पाहिजे होतं मी. दुकानदारानं विचारलं, माप? मी म्हटलं, बाबांचे पाय काही फार मोठे नाहीत. तुमचे पाय मी कधी नीट बघितलेच नव्हते. नमस्कार करताना बघितले असतील तेवढेच.

सासरे: मीही दाखवले नव्हते. दोघांचंही अर्धं अर्धं.

सून: आता बंद बूट नकोच म्हणाले डॉक्टर. मऊ चपला, मागून पट्टा असलेल्या. या वेळी दुकानात दोघं जाऊ. चावलं तर तिथल्या तिथं ओरडायचं.

सासरे: दुकानात ओरडू?

सून: ओरडायचं. आणि कळत नसेल तर मला हात घालून बघू द्यायचं.

सासरे: बघ. मी काही बोलणार नाही. म्हणजे बोलेन. चावलं तर बोलेन.

सून: आणखी एक. पाळकसाहेब बाहेर येऊन बसलेत मघापासून. घंटा वाजवून आले. तुम्हाला भेटू का, विचारतायत.

सासरे: कशी वाजवली, ते विचारलंस?

सून: म्हणाले, दोरी हातातून सुटली एकदा.

सासरे: सांगितलं नव्हतं?

सून: ते गुरुवारचंही विचारत होते. मी म्हटलं, डॉक्टरांनी पट्टीला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही म्हणून बजावलंय. तेव्हा खुर्ची बेकरीवाल्यांना देऊन टाका. देऊ देत ना?

सासरे: थांब. देऊ नका म्हणावं.

सून: अहो, पाय भिजवायचाच नाही, तर बसून करणार काय?

सासरे: उजवा आहे की. भेगांचा आहे, धुतलायस तू, पण गुरुवारपर्यंत मळेल पुन्हा. तो धुतील.

सून: आणि डावा?

सासरे: त्यांना सांग, मिस्त्रीची माफी असावी. एक पाय घरूनच धुऊन आणलाय.